चोरबाजारात सोल रेकॉर्ड घेताना
चोरबाजारात मोटाउन किंवा स्टॅक्स या अमेरिकी सोल संगीताच्या कंपन्यांची जुनी रेकॉर्ड हाती लागली, तर कव्हरवर भाळू नका. तबकडी कडेने धरून मोबाइलच्या टॉर्चच्या तिरप्या उजेडात फिरवा. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. बोटाला लागणारा ओरखडा मात्र हमखास टकटकतो.

अमेरिकी ४५ आरपीएम सिंगल्स, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, बाजूला एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकड्या, जास्त बारकाईने पाहा. त्यातल्या बऱ्याच नेहमीच्या व्हिनाइलच्या नसून स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात. स्टायरीन लवकर झिजतं. वरून चकचकीत दिसणारी तबकडीही खरखरते. म्हणून वाजवून ऐकल्याशिवाय मोठी रक्कम देऊच नका, विक्रेता कितीही घाई करो.

रेकॉर्डची अवस्था सांगणाऱ्या, गोल्डमाइन या अमेरिकी मासिकाच्या श्रेणीत 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) प्रतीची किंमत 'निअर मिंट'च्या, म्हणजे जवळजवळ नव्यासारख्या प्रतीच्या, साधारण निम्मी धरतात, आणि 'गुड' म्हणजे चांगलीच झिजलेली. शंका आली की एक पायरी खालची श्रेणी लावा. कव्हरची श्रेणी वेगळी. मूळ प्रत की नंतरची, हे ठरवायला लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडी कोणत्या साच्यातून निघाली ते सांगणारा क्रमांक, टिपून घ्या, घरी पडताळा.

आणि मुंबईचा पावसाळा! आतलं जुनं कागदी पाकीट बुरशी धरतं, ते आणल्या दिवशीच बदला. रेकॉर्डी उभ्याच ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून दूर.