अपडेटनंतर लिब्रेऑफिस सारखं बंद पडतंय? अनइन्स्टॉल करण्याआधी हे वाचा

‘अहो, कालपर्यंत व्यवस्थित चालत होतं हो!’ ओळखीपाळखीतले कॉम्प्युटर दुरुस्त करून देणाऱ्या कुणालाही विचारा, निम्म्या फोनची सुरुवात याच वाक्याने होते. रात्री अपडेट झालं, सकाळी रायटर (लिब्रेऑफिसमधला लिखाणाचा प्रोग्रॅम) उघडला, दोन सेकंद पांढरी चौकट दिसली आणि गायब. फोन करण्याआधी माणसाने बहुतेक वेळा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून पाहिलेलं असतं, आणि फरक शून्य.

तो पडतही नाही, कारण लिब्रेऑफिस दोन ठिकाणी राहतं. एक मूळ प्रोग्रॅम, जो अपडेट होतो. दुसरं तुमचं ‘प्रोफाइल’: सेटिंग्ज, टूलबारची मांडणी, स्वतः टाकलेली एक्स्टेन्शन (जादा सोयींच्या छोट्या जोडण्या), स्वतःचा शब्दसंग्रह. अनइन्स्टॉल करताना फक्त प्रोग्रॅम जातो. घराला नवा रंग दिला तरी माळ्यावरचं सामान तसंच राहावं, तसं प्रोफाइल जागच्या जागी असतं. नवा प्रोग्रॅम त्याच जुन्या सामानाला अडखळतो.

म्हणून शोध उलट्या क्रमाने घ्यायचा: प्रोग्रॅम काढणं सगळ्यात शेवटी. खाली विंडोजचे मार्ग दिलेत. मेनू मराठीत असतील तरी जागा त्याच.

आधी फाइल की प्रोग्रॅम, ते ठरवा

नेहमीच्या फाइलवर डबल-क्लिक न करता स्टार्ट मेनूतून रायटर रिकामा उघडा. रिकामा नीट चालला आणि एकाच फाइलला पडला, तर दोष त्या फाइलमध्ये किंवा तिच्यातल्या एखाद्या चित्रात, फाँटमध्ये आहे. पुढचं फारसं काही करायची गरज नाही. फाइलची प्रत काढून तिच्यावर प्रयोग करा.

एक फसवा प्रकार असतो. मागच्या वेळी प्रोग्रॅम पडला म्हणून उघडताक्षणी ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ची चौकट येते, ती तीच बिघडलेली फाइल उघडायला जाते, पुन्हा पडते, पुन्हा चौकट. हे चक्र चालू असेल तर मूळ फाइल डिस्कवर आहे याची खात्री करून रिकव्हरी रद्द करा. मात्र न सेव्ह केलेला मजकूर रिकव्हरीतच असतो, तेव्हा तो तुमच्यासाठी किती मोलाचा आहे हे बघूनच बटण दाबा.

आणि प्रिंटर! हसू नका. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात प्रत्येक फाइल उघडताना कॉम्प्युटर गोठायचा आणि शेवटी कुणीतरी वैतागून बंद करायचं. सगळा दोष अपडेटला. खरी गोष्ट अशी की डिफॉल्ट प्रिंटर नेटवर्कवरचा होता आणि त्याची वायर झाडलोट करताना निघाली होती. थोडा वेळ ‘प्रिंट टू पीडीएफ’ डिफॉल्ट करून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सेफ मोड

रिकामा रायटरही पडत असेल तर स्टार्ट मेनूत ‘लिब्रेऑफिस सेफ मोड’ शोधा. प्रोग्रॅम उघडत असेल तर ‘हेल्प’ मेनूतही ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ आहे. (हा लिब्रेऑफिसचा स्वतःचा सेफ मोड, विंडोजचा वेगळा.) यात तुमचं प्रोफाइल बाजूला ठेवून तात्पुरतं कोरं प्रोफाइल वापरलं जातं आणि ग्राफिक्स कार्डाची मदतही बंद असते. ‘कंटिन्यू इन सेफ मोड’ म्हणा आणि पाच-दहा मिनिटं काम करा.

इथे नीट चाललं, तर दोषी बहुधा प्रोफाइल, नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). इथेही पडलं, तर बहुधा मूळ प्रोग्रॅम. अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त सांगून जाणारी चाचणी ही, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

दोषी प्रोफाइल असेल तर

सेफ मोडच्या चौकटीतल्या ॲडव्हान्स्ड भागात प्रोफाइलची झिप करून देणारं बटण आहे. आधी ते दाबा आणि झिप डेस्कटॉपवर ठेवा. हे मी एवढ्या कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. मी जमिनीच्या व्यवहारांचे कागद टाइप करायचो. फेरफार, कुळकायदा, पोटहिस्सा, गावांची नावं, आडनावं, या सगळ्यांखाली येणारी लाल नागमोडी रेघ घालवायला चार वर्षं एकेक शब्द शब्दसंग्रहात टाकला होता. एका दुपारी ‘फोल्डर उडवला की सगळं ठीक होतं’ असं कुठेतरी वाचलं आणि उडवला. सगळं ठीक झालं. दुसऱ्या दिवशीचं पहिलं खरेदीखत वरपासून खालपर्यंत लाल होतं.

झिप झाली की त्याच चौकटीतले पर्याय सौम्यापासून कडकाकडे वापरा. पहिला, मागच्या चालू स्थितीवर परत जाणं. दुसरा, सगळी एक्स्टेन्शन बंद करणं. अपडेटनंतर हमखास पडणारी वस्तू म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं एक्स्टेन्शन, तेव्हा इथेच सुटका होण्याचा संभव मोठा. मग ‘टूल्स’मधून एकेक चालू करत गेलात की गुन्हेगार सापडतो.

तरीही नाही? मग रीसेट. त्यात दोन खुणा आहेत: एक फक्त सेटिंग्ज आणि टूलबार मूळ स्थितीत आणणारी, दुसरी पूर्ण प्रोफाइल पुसणारी. पहिली करून बघा, दुसरी नाइलाज झाला तरच.

हाताने करायचं असेल तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं रोमन अक्षरांत सलग टाका. उघडलेल्या फोल्डरात लिब्रेऑफिस, त्यात ‘४’, त्यात ‘यूझर’. आवृत्ती २४ असो की २५, फोल्डरचं नाव ४च. ते जुनं समजून गोंधळू नका. ‘यूझर’चं नाव बदलून ‘यूझर-जुना’ करा. विंडोज नाव बदलू देत नसेल तर लिब्रेऑफिस मागे अजून जिवंत आहे. टास्क मॅनेजरमध्ये ‘एसऑफिस’ नावाच्या नोंदी बंद करा, मग होतं.

प्रोग्रॅम पुन्हा उघडला की नवं कोरं प्रोफाइल तयार होईल. ते नीट चाललं, तर लिब्रेऑफिस बंद करून जुन्यातून फक्त ‘वर्डबुक’ हा शब्दसंग्रहाचा आणि ‘ऑटोकर’ हा ऑटोकरेक्टचा फोल्डर नव्यात आणा, एका वेळी एकच. ‘रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स’ नावाची फाइल आणू नका. सेटिंग्ज तिच्यातच असतात, म्हणजे बहुधा आजारही.

कोऱ्या प्रोफाइलने किंवा सेफ मोडमध्येही पडत असेल तर

ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून विंडोजवर पडद्यावरचं रेखाटन ‘स्किया’ नावाच्या घटकाकडे आहे. तो ग्राफिक्स कार्डाची मदत घेतो, आणि कार्डाचा ड्रायव्हर जुना असेल तर इथेच ठेच लागते. प्रोग्रॅम मिनिटभर जरी टिकत असेल तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लिब्रेऑफिस’, ‘व्ह्यू’ इथे जाऊन स्कियाचं काम सॉफ्टवेअरवर चालवायची खूण करा. लिखाणाच्या कामाला वेगात फरक जाणवत नाही. नंतर सवडीने लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या.

संशय पक्का करायचा असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून विश्वासार्हतेचा इतिहास उघडा. तारखेवारी लाल फुल्या दिसतील. फुलीच्या तपशिलात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एक फाइल असते. तिच्या नावाची रोमन अक्षरं ‘आयजी’ असतील तर बहुधा इंटेलचा, ‘एनव्ही’ असतील तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर. त्याच पानावर प्रोग्रॅम पडायला लागला त्या दिवशी आणखी काय अपडेट झालं तेही दिसतं. कधी कधी लिब्रेऑफिस निर्दोष सुटतं आणि चोर भलताच निघतो.

अपडेट होताना वीज गेली किंवा झाकण मिटलं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅमच्या यादीतून ‘रिपेअर’ चालवा. अर्धवट बसलेल्या फाइली पुन्हा बसतात.

मागे जाणं

कधी कधी अपडेटच चुकीचं असतं आणि आपण कितीही डोकं लढवलं तरी उपयोग नसतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली होती. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तेव्हा जुन्या आवृत्तीवर परत जाण्यात कमीपणा मानू नका. लिब्रेऑफिस चालवणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या संग्रहात जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात. नवी आवृत्ती आधी काढा, मग तुमची जुनी टाका. नवीवर थेट जुनी बसत नाही.

आणि दहा मिनिटं असतील तर त्यांच्या बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) नोंदणीत तक्रार टाका. ‘अपडेटनंतर बंद पडतं’ एवढंच लिहिलं तर कुणाला काही करता येत नाही. ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये दिसणारी माहिती जशीच्या तशी चिकटवा, कुठलं बटण दाबल्यावर पडतं ते क्रमाने लिहा, सेफ मोडमध्ये काय झालं ते सांगा आणि पडणारी फाइल जोडा. फाइल सगळ्या जगाला दिसते, तेव्हा त्यातली नावं, खाते क्रमांक आणि गट नंबर आधी बदलून घ्या.