स्पोकच्या चाकाला कथिलाची तार: बुलेटचं चाक घरीच बॅलन्स करायचं ते असं

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये बुलेटला पुढचा टायर नवा टाकला. आठवडाभर नागपुरातलं मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी हे रोजचं जाणं-येणं केलं, काही जाणवलं नाही. गर्दीत पन्नासच्या वर गाडी जातेच कुठे? रविवारी पोरगी गाडी घेऊन बुटीबोरीला मैत्रिणीकडे गेली आणि परत आल्या आल्या म्हणाली, "बाबा, साठच्या वर हँडल थरथरते. आरशात मागचं काही दिसतच नाही." दुसऱ्या दिवशी मी स्वतः वर्धा रोडला नेली. साठला मुठींत मुंग्या आल्या, पंचाहत्तरला आरशातला ट्रक म्हणजे नुसता हलणारा पांढरा डाग.

टायर घेतला त्या दुकानात चारचाकीचं बॅलन्सिंग मशीन होतं. "दुचाकीला त्याची गरज नसते" असं सांगून त्यांनी मला परत पाठवलं. दुसऱ्या एकाने अंदाजाने रिमला चिकटपट्टीचं वजन लावून दिलं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, पंचेचाळीसच्या उन्हात गाडी कंपनीच्या आवारात दिवसभर उभी राहिली, आणि एका संध्याकाळी पाहिलं तर पट्टी गायब, रिमवर नुसता गोंदाचा काळा ओघळ. शेवटी सक्करदऱ्यातल्या एका जुन्या बुलेट मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक हाताने फिरवलं, थांबू दिलं आणि म्हणाले, "भाऊ, चाक जड कुठं हाय ते चाकालेच इचारा. आन् वजन चिकटवू नका, गुंडाळा."

तेव्हापासून माझी आणि कंपनीतल्या चार-पाच जणांची चाकं मी अशीच केली आहेत. स्पोकचं चाक असेल तर ही रीत कोणालाही जमेल.

आधी "गरज नसते" या म्हणण्याचा हिशोब मांडतो, कारण मला ते फार लागलं होतं. माझ्या गाडीचा पुढचा टायर ९०/९०-१९ आहे. एका फेऱ्यात तो साधारण दोन मीटर जातो, म्हणजे ८० च्या वेगाला सेकंदाला ११ फेरे. रिमच्या कडेला एका बाजूला फक्त २० ग्रॅम जास्त असले, तर त्या वेगाला ते २० ग्रॅम सव्वादोन किलोच्या जोराने चाक बाहेर ओढतात, आणि तेही सेकंदाला अकरा वेळा वेगवेगळ्या दिशेला. वेग निम्मा केला की हा जोर निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. म्हणून ४० ला कोणाला काही कळत नाही आणि ७५ ला मुठी थरथरतात. गावातल्या गावात चालवणाऱ्याला खरंच फरक पडणार नाही. पण ज्याची पोरगी त्या गाडीवर हायवेला जाते त्याला पडतो.

चाक काढायच्या आधी दुसऱ्या खोडी तपासा. हवा मॅन्युअलप्रमाणे आहे का? गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि फोर्कचे खालचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे ढकला. कटकट लागली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, ढिला आहे. चाक वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर चाकाचं बेअरिंग गेलं आहे. मग फोर्कला एक खिळा किंवा आइस्क्रीमची काडी टेपने अशी बांधा की टोक रिमपासून केसभर दूर राहील, आणि चाक सावकाश फिरवा. रिम डावी-उजवीकडे किंवा वर-खाली २ मिलिमीटरपेक्षा जास्त जात असेल तर आधी स्पोक आवळून आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढून घ्या. ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. वाकड्या रिमला कितीही वजन लावलं तरी ती सरळ होत नाही.

टायरचीही एक खोड असते. त्याच्या बाजूवर, रिमला अगदी लागून, एक बारीक उठावदार रेघ गोल फिरलेली दिसेल. रिमच्या कडेपासून त्या रेघेचं अंतर सगळीकडे सारखं हवं. माझ्या नव्या टायरची रेघ एका जागी रिमच्या आत गेली होती, म्हणजे टायर तिथे नीट बसलाच नव्हता. हवा सोडली, साबणाचं पाणी लावलं, पुन्हा हवा भरली तेव्हा "टक्" आवाज करून तो बसला. निम्मी थरथर तिथेच गेली.

आता चाक काढा. इंजिनखाली लाकडी ठोकळा घट्ट बसवा, गाडी पुढे झुकायला नको. कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) सोडल्यावर ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी घाला आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ब्रेकच्या दांडीला हात लावायचा नाही. पॅड एकमेकांना चिकटले की ते उघडण्यात अर्धा तास जातो. स्पीडोमीटरचा गिअर काढून बाजूला ठेवा. डिस्क मात्र चाकावरच राहू द्या, तिचंही वजन चाकाबरोबर फिरतं.

चाकाला त्याच्याच अॅक्सलवर दोन स्टुलांच्या मध्ये टांगलं तरी चालतं, पण बेअरिंगचं ग्रीस आणि सील यांच्यामुळे ते अडखळत थांबतं आणि पाच-दहा ग्रॅमचा फरक दाखवत नाही. मी फिटर माणूस, मला ते चालेना. स्केटिंगच्या चाकात असतात ती ६०८ नंबरची छोटी बेअरिंग चार आणली. आतला व्यास ८ मिलिमीटर, बाहेरचा २२. दोन लोखंडी अँगलच्या डोक्यावर शेजारी-शेजारी दोन-दोन बोल्टने बसवली आणि अॅक्सलची दोन्ही टोकं त्या जोड्यांच्या खोबणीत ठेवली. आता चाक अॅक्सलसकट त्या बेअरिंगवर फिरतं, आतली सील घट्ट असली तरी अडत नाही. बेअरिंगमध्ये भरलेलं ग्रीस मात्र रॉकेलने धुऊन काढा, म्हणजे ती सुकी आणि हलकी फिरतात. दोन्ही अँगल पाणपातळीने सारखे करून घ्या आणि पंखा बंद ठेवा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात घरात कूलर चालू होता आणि तासभर मला वाटत राहिलं की चाक मला फसवतंय.

चाक हलकेच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. जड बाजू खाली येऊन थांबते. थोडं पुढे-मागे झोकेल, घाई करू नका. थांबलं की सगळ्यात वरच्या जागी टायरवर खडूची खूण करा, ती हलकी बाजू. पुन्हा फिरवा. तीन-चार वेळा तीच खूण वर आली तर खरी. दर वेळी वेगळी जागा येत असेल तर चाक तसंच ठीक आहे, काही करू नका.

इथे बहुतेक लोक लगेच वजन शोधायला लागतात. थोडं थांबा. खुणेजवळ रिमला इन्सुलेशन टेपने एक-एक नाणं चिकटवत जा, चाक कुठेही थांबवलं तरी थांबून राहील इतकं. २०११ पासूनच्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅम, दोनचं ४.८५ आणि पाचचं ६ ग्रॅम भरतं. बेरीज तीस-पस्तीस ग्रॅमच्या पुढे गेली तर टायर रिमवर फिरवून पाहायचा. हवा काढा, बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) दाबून सोडवा, टायर अर्धा फेरा सरकवा, ट्यूबला थोडी हवा देऊन बसवा म्हणजे ती चिमटत नाही. बाणाची दिशा बदलू देऊ नका. मग पुन्हा तपासा. जड जागा टायरबरोबर सरकली तर दोष टायरचा, रिमबरोबर राहिली तर रिमचा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, तो टायरची हलकी जागा दाखवतो, आणि तो व्हॉल्व्हच्या शेजारी ठेवायचा असं सांगतात, कारण व्हॉल्व्हची बाजू जड समजतात. माझ्या रिमची जड जागा व्हॉल्व्हपासून जवळजवळ पाव फेरा दूर निघाली. म्हणून ठिपक्यापेक्षा चाकावर विश्वास ठेवा. टायर फिरवल्यावर माझी गरज ४२ ग्रॅमवरून १४ वर आली.

आता तार. बर्डीवर (सीताबर्डीला) 'मोदी' नावाच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे १८ गेजची सोल्डर तार मागा, ६०/४० वाली, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. हीच का, तर एक मीटर तार जवळजवळ १० ग्रॅम भरते. मी खात्री करायला इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या एका सराफाकडे मीटरभर तुकडा त्यांच्या काट्यावर ठेवला, ९.६ ग्रॅम भरला. म्हणजे शिवणाचा टेपच तुमचा काटा झाला: दहा सेंटिमीटरला एक ग्रॅम धरा. १४ ग्रॅमसाठी मी १४५ सेंटिमीटर कापली. त्यातले दोन समान तुकडे केले, कारण वजन एकाच बाजूच्या स्पोकवर गुंडाळलं तर चाक डावी-उजवीकडे डुलायला लागतं. एक तुकडा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) डाव्या फ्लँजच्या, म्हणजे डाव्या कडेच्या, स्पोकवर, दुसरा शेजारच्या उजव्या फ्लँजच्या स्पोकवर.

गुंडाळायचं निपलला, म्हणजे स्पोकच्या रिमकडच्या नटाला, लागून. रिमच्या जितकं जवळ तितकं कमी वजन पुरतं. स्पोक आधी कपड्याने कोरडा पुसा. तारेचं टोक स्पोकला समांतर दोन सेंटिमीटर धरा आणि निपलपासून हबच्या दिशेने त्या टोकावरूनच वेटोळी घालत या. एकाला एक चिकटून, मध्ये फट नको, बोटाने दाबली तर हलायला नको. शेवटचं टोक नोज प्लायरने वेटोळ्यातच दाबून टाका. नीट झालं तर ते स्प्रिंगसारखं दिसतं, चकचकीत आणि घट्ट. गाडी पळते तेव्हा ही तार बाहेर, म्हणजे निपलकडेच दाबली जाते, म्हणून ती निसटत नाही. मी तरी वरून अराल्डाइटचा पातळ हात देतो, पावसाळ्यात चिखल आत शिरत नाही. तारेत शिसं आहे, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि तुकडे लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका.

पुन्हा स्टँडवर ठेवून बघा. तार कापून कमी करणं सोपं आहे, म्हणून दहा सेंटिमीटर जास्तच गुंडाळून मग एक-एक वेटोळं काढत जावं.

चाक बसवताना अॅक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिला आहे तितकाच आवळा. फोर्कच्या पायात अॅक्सल पकडून ठेवणारा पिंच बोल्ट आवळायच्या आधी पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा. आणि त्याच्याही आधी, गाडी जागची हलवण्यापूर्वी, ब्रेकची दांडी कडक होईपर्यंत मारा, कारण कॅलिपर काढला होता.

चाचणी सिमेंट रोडवर घेऊ नका. आपल्या नागपुरात आता बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचे आहेत, त्यांच्या जोडांची धडधड ठरावीक अंतराने लागते आणि चाकाची थरथर तिच्यात हरवून जाते. चांगला डांबरी पट्टा शोधा, सकाळी सहाच्या आत. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मी अमरावती रोडला गेलो. साठ, सत्तर, ऐंशी, प्रत्येक वेगावर दहा-बारा सेकंद, मुठी सैल धरून. ऐंशीला आरशात मागून येणाऱ्या ट्रकच्या काचेवरचं लिंबू-मिरचीचं तोरण दिसलं.

मागच्या चाकालाही हीच रीत आहे, साखळी उतरवून. त्याची थरथर सीटला आणि फूटरेस्टला जास्त जाणवते, हँडलला कमी.

पोरीच्या स्वतःच्या गाडीला अलॉय चाक आहे, स्पोकच नाहीत, तार कुठे गुंडाळणार? तिच्या ट्यूबलेस टायरमध्ये मी व्हॉल्व्हचं कोअर (हवा अडवणारी आतली पिन) काढून बॅलन्सिंगचे मणी सोडले, मोहरीहून बारीक, सिरॅमिकचे. पुढे ३० ग्रॅम, मागे ६०. चाक वेगात फिरताना सस्पेन्शनवर हलतं आणि मणी आपोआप जड जागेच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसतात. कमी वेगाला ते काम करत नाहीत, त्यामुळे गाडी निघताना थोडी थरथर राहते. टायरच्या आत ओल असेल तर मणी गोळा होऊन चिकटतात, म्हणून टायर साबणाच्या पाण्याने बसवला असेल तर आधी पूर्ण वाळवा. आणि हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर मणी कोअरमध्ये अडकतो आणि हवा सूं-सूं करत निघून जाते. पंक्चरच्या द्रवाबरोबर मणी कधीच टाकू नका, दोन्ही वाया जातात. नुसत्या द्रवाने बॅलन्स होतो असंही लोक सांगतात. मी टाकून पाहिला. रात्रभर उभ्या गाडीत तो खाली साचतो, सकाळी पहिले चार किलोमीटर चाक आणखीच हलतं, आणि आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात त्याची साय धरते. पंक्चरसाठी ठीक आहे, बॅलन्ससाठी मी पुन्हा टाकणार नाही.

बुलेटच्या पुढच्या चाकावरची तार या नवतप्यातून गेली, जागची हलली नाही. टायर बदलेन तेव्हा ती कापून टाकायची आणि खडूच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करायची, कारण नव्या टायरची हलकी जागा वेगळी असणार.