‘हे कसं शक्य हाय, भावा?’ : सायफाय मालिकांवर वाद घालताना या चुका टाळा

रंकाळ्याच्या कट्ट्यावर पूर्वी पेठांच्या फुटबॉलवरून घसे बसायचे. आता सायफाय, म्हणजे विज्ञानकथांच्या मालिकांवरूनही बसतात. वाद जोरात होतो, पण हलत नाही. एक म्हणतो, “हे कसं शक्य हाय, भावा?” दुसरा म्हणतो, “सायफाय हाय, चालतंय की सगळं!” विषय कट. पहिला मालिकेला आपल्या जगाचे नियम लावतो, दुसरा कुठलेच लावत नाही. मालिकेनं स्वतः घालून घेतलेले नियम मात्र दोघांच्याही हिशेबात नसतात.

विज्ञानातली चूक म्हणजे कथेतली चूक समजणं

सगळ्यात जास्त वेळ इथं वाया जातो. ‘द एक्सपान्स’मधलं सेरेस घ्या. मालिकेत हा बटुग्रह गरागरा फिरवून त्याच्या पोटात कृत्रिम गुरुत्व तयार केलंय; माणसं आत राहतात, डोकी केंद्राकडे आणि पाय बाहेरच्या बाजूला. खऱ्या सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आणि पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम तीन टक्के. पाय बाहेरच्या बाजूला टेकतील एवढा वेग दिला, तर त्याचं स्वतःचं गुरुत्व हरलंच म्हणायचं. मग खडक आणि बर्फ धरून कोण ठेवणार? ते भिरकावले जातील.

आक्षेप बिनतोड आहे, पण तो विज्ञानावरचा. कथेला त्यानं भोक पडत नाही. सेरेस फिरतं हे त्या जगात सुरुवातीपासून मान्य आहे आणि त्याचे परिणामही दाखवलेत. तिथं पेला भरताना धार सरळ पडत नाही, वळते. लघुग्रहांच्या पट्ट्यात, कमी गुरुत्वात वाढलेल्या ‘बेल्टर’ लोकांना पृथ्वीवर स्वतःच्या शरीराचं ओझं पेलवत नाही. मालिकेनं एक थाप मारली आणि ती शेवटपर्यंत निभावली. मला तर चुकून बरोबर आलेल्या विज्ञानापेक्षा अशी निभावलेली थाप जास्त आवडते.

तेव्हा तक्रार करण्याआधी ठरवा : हे आपल्या जगात बसत नाही, की त्यांच्याच जगात बसत नाही? दुसरं असेल तरच त्याला ‘प्लॉट होल’, म्हणजे कथेतलं भोक म्हणा.

नियम आधी कळला की ऐनवेळी, हे न बघणं

राधानगरीचे दरवाजे उघडले म्हटल्यावर ते कुणी उघडले, असं कोल्हापूरकर विचारत नाही. शाहू महाराजांच्या त्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, हे इथं पोरासोरांना ठाऊक असतं. बातमी कळली की तो थेट पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो : ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. मालिकेतल्या कुठल्याही अचाट यंत्राला हेच दोन प्रश्न लावा. ते असं चालतं हे आधी माहीत होतं का? आणि चालल्यावर पुढं काय काय हललं? दरवाजे उघडून पंचगंगा तसूभरही चढली नाही, तर मग खुशाल भांडा.

‘डार्क’ या जर्मन मालिकेवर या कसोटीनं चांगला वाद होतो. (पुढचे दोन परिच्छेद शेवट फोडणारे आहेत, मालिका बघायची असेल तर ते सोडून पुढं जा.)

तिथं काळ ३३ वर्षांच्या फेऱ्यांनी जोडलेला आहे : १९५३, १९८६, २०१९. एक मुलगी तर आपल्याच आईची आई ठरते. आपल्या वंशावळीत हे अशक्य, पण मालिकेत ते चुकत नाही. घडलेलं बदलता येत नाही आणि कारण-परिणाम वर्तुळात फिरतात, हे ती सतत बजावत आलेली असते.

खरी भांडणाची जागा तिसऱ्या सीझनमध्ये आहे. महाप्रलयाच्या क्षणी काळ क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात साखळी तोडता येते, ही पळवाट तिथं उघड होते आणि तिच्याच जोरावर शेवट होतो. काहींना ती आधीच्या सगळ्याशी सुसंगत वाटते. मला ती उशिरा आणलेली वाटते. पण हा वाद निदान योग्य ठिकाणी चाललाय.

पडद्यामागचं कारण कथेतलं कारण म्हणून खपवणं

१९६६च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे उमटतात. हा ट्रान्सपोर्टर का आला? दर भागात अख्खं यान ग्रहावर उतरवण्याची दृश्यं खर्चात बसेनात म्हणून. माहिती खरी आहे, पण “मग संकटातून सगळ्यांना लगेच परत का खेचत नाहीत?” या प्रश्नाचं ते उत्तर नाही. त्याचं उत्तर कथेतच हवं. म्हणून तर कधी वादळ आड येतं, कधी यंत्र बिघडतं. ते फारच वारंवार बिघडायला लागलं की लेखक अडचणीत आहेत, हे बिनधास्त म्हणा.

पात्र चुकलं म्हणून कथा चुकली म्हणणं

घाबरलेला माणूस मूर्खासारखा वागतो, त्यात प्लॉट होल काही नाही. आणि आपल्याला जे दिसलं ते पात्राला दिसलेलं नसतं. पृथ्वीवरून मंगळाला निरोप जायला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तिथल्या कप्तानानं जुन्या माहितीवर चुकीचा हुकूम दिला, तर ते बरोबरच आहे. उलट निरोप क्षणात पोचला तर विचारा, कसा?

वाद अडलाच तर

आधी भाग आणि प्रसंग नेमका सांगायला लावा. “कुठंतरी म्हणतो बघ तो” यावर वाद घालू नका. मग दोघांनी कुठल्या भाषेत बघितलंय ते विचारा. हिंदी डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीशी जुळवताना वाक्यं आखूड होतात आणि तांत्रिक अटी पहिल्यांदा गळतात. तो प्रसंग मूळ आवाज आणि सबटायटल्स लावून परत बघा, अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

समोरचा प्रत्येक फटीत “मल्टिव्हर्स असंल” असं कोंबत असेल, तर मालिकेत दुसरं विश्व कुठं दाखवलंय तेवढं विचारा. दाखवलं नसेल, तर ती त्याची स्वतःची गोष्ट झाली. चांगली असेल तर ऐका, पण मालिकेच्या बाजूनं पुरावा म्हणून धरू नका. आणि कुणाचा शेवटचा सीझन बघायचा राहिला असेल, तर त्याला मिसळ आणायला पाठवा आणि तेवढ्यात उरकून घ्या.