जुन्या टेक्नॉलॉजीला आज नावं ठेवताय? या चुका टाळा

डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) चालणार नाही एवढं साधं एडिसनला कळलं नाही का, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साल न बघता निकाल देणं. न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीटचं वीजघर सुरू झालं 1882 ला, 110 व्होल्टवर. एसीचं (दिशा सतत बदलणाऱ्या विजेचं) व्होल्टेज चढवणारा-उतरवणारा, कामाचा म्हणावा असा ट्रान्सफॉर्मर आला 1885-86 ला आणि संशोधक टेस्लाच्या एसी मोटरचं पेटंट 1888 चं, म्हणजे 1882 ला हातात होतं ते डीसीच, त्यावर दिवे लागायचे, मोटर फिरायची, बॅटरी जोडता यायची, मग त्याने घ्यायचं तरी काय होतं? एवढ्या कमी व्होल्टवर वीज लांब न्यायची तर तांब्याच्या तारा प्रचंड जाड लागायच्या, हे खरंय. पण दोष द्यायचाच तर 1888 नंतरच्या एडिसनला द्या. ट्रान्सफॉर्मर आणि मोटर दोन्ही समोर असताना तो एसी म्हणजे मृत्यू असं सांगून लोकांना घाबरवत राहिला, ते मला अजिबात पटत नाही.

दुसरी चूक नेमकी उलटी. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला 500 केव्हीची (म्हणजे 5 लाख व्होल्टची) डीसी लाइन येते, साडेसातशे किलोमीटर, म्हणजे शेवटी एडिसनच बरोबर! नाही हो. तिथे व्होल्टेज चढवतो ट्रान्सफॉर्मरच, मग थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच त्याचं डीसी करतो आणि पडघ्याला परत एसी. एडिसन 1931 ला गेला, थायरिस्टर आला 1957 ला.

आणि आपली मुंबई लोकल. 1925 ला व्हीटी ते कुर्ला गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. डीसी मोटर उभ्या गाडीला जोरात खेचते, स्पीड सांभाळणं सोपं आणि एसीचं डीसी करायची अवजड मशिनं गाडीत न ठेवता सबस्टेशनात बसवता येत होती, त्या काळी हे एकदम शहाणपणाचं होतं. 25 केव्ही एसी रेल्वेने घेतलं 1957 ला. फरक बघा, 3000 किलोवॅट खेचायला 1500 व्होल्टवर 2000 अँपिअर लागतात, 25 केव्हीवर साधारण 120, म्हणजे तारही बारीक चालते.

मग तेव्हाच का नाही बदललं? इथेच लोक चुकतात, आधीचं बांधलेलं विसरतात. नाशिकला जाताना इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायचे, गाडीला मागे हलका धक्का बसला की आजी म्हणायची, "लागलं बाई इंजिन", आणि आम्ही वडे संपवायचो. ती अडचण रोजची होती, पण मुंबईत बदलायचं म्हणजे रेक, सबस्टेशनं, सिग्नल सगळं बदला, जुन्या पुलांखाली 25 हजार व्होल्टच्या तारेला पुरेशी जागा नाही म्हणून कुठे रूळ खाली घ्या, आणि हे सगळं रात्रीच्या ब्लॉकमध्ये, कारण पहाटे पहिली लोकल सुटायलाच हवी. हार्बर लाइन डीसीवरून एसीवर न्यायचं काम त्यामुळेच 2016 पर्यंत गेलं.