नांगराची साखळी किती सोडायची आणि किती सोडली

"आई, किती गेली?" मुलाने सुकाणूवरून विचारलं. मी बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभी राहून हातांनीच साखळी सोडत होते. अकरा वाव मोजले होते. वाव म्हणजे सहा फूट, त्यामुळे "वीस मीटर," असं मी खात्रीने सांगितलं. खोलीमापकावर 4 मीटर दिसत होते. साखळी खोलीच्या पाचपट सोडायची, म्हणून चार पंचे वीस. आम्ही जेवलो आणि झोपलो.

पहाटे वारा वाढला आणि नांगर सुटला. अंधारात मी साखळीवर तळहात ठेवला, तर आतून खरखर जाणवत होती, जणू कुणी दगडांवरून पोतं ओढत नेतंय. धरलेल्या नांगराची साखळी ताणते, सैल पडते, पण अशी खरखरत नाही. ती खरखर एकदा हाताला कळली की पुन्हा विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी हिशेब केला तेव्हा दोन चुका सापडल्या.

पहिली चूक खोलीची. साखळीसाठी खोली समुद्राच्या तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायची नसते, साखळी जिथून खाली सुटते त्या नाळेवरच्या रोलरपर्यंत मोजायची असते. आमचा रोलर पाण्यापासून 1.2 मीटर वर आहे. शिवाय नांगर टाकला तेव्हा ओहोटी होती आणि रात्री पाणी 3 मीटर चढणार होतं. म्हणजे 4 अधिक 3 अधिक 1.2, एकूण 8.2 मीटर. त्याची पाचपट 41 मीटर होते.

दुसरी चूक वावाची. दोन्ही हात पसरले की होतो तो वाव, पण तो ज्याचा त्याचा. माझा फीत लावून मोजला तर 1.6 मीटर भरला. म्हणजे अकरा वावांत गेली होती 17.6 मीटर साखळी. मी पाचपट समजत होते, प्रत्यक्षात ती दुपटीहून जेमतेम जास्त होती.

तेव्हा आधी खोली नीट काढा. खोलीमापक कुठून मोजतो हे तपासा: पाण्याच्या पातळीपासून, स्वतःच्या सेन्सरपासून की बोटीच्या तळापासून? बोट धक्क्याला शांत उभी असताना दोरीला वजन बांधून तळाला टेकवा, ओली झालेली दोरी मोजा आणि आकड्याशी ताडून पाहा. मग मुक्कामात येणाऱ्या सगळ्यांत मोठ्या भरतीपर्यंत अजून किती पाणी चढायचं आहे ते भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्या. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमारच्या लहान भरतीच्या) दिवसांत हा आकडा खूप वेगळा असतो. शेवटी रोलरची उंची मिळवा. ही उंची बोटीची एकदाच मोजायची, मग ती पाठच होते.

किती पट, याचं उत्तर कोनात आहे. नांगराला ओढ जितकी आडवी, तितका तो खोल रुततो. वर ओढ बसली की उचकटतो. साखळी पूर्ण ताणली गेली, तर तिप्पट लांबीला तळाशी साधारण साडेएकोणीस अंशांचा कोन होतो, पाचपटीला साडेअकरा, सातपटीला आठ. पाचपटीपर्यंत प्रत्येक मीटरचा मोठा फायदा होतो, पुढे तो कमी कमी होत जातो. पूर्ण साखळी असेल तर रात्रीच्या मुक्कामाला मी पाचपट धरते. जोराचा वारा येणार असेल तर सातपट किंवा जागा असेल तेवढी. दुपारी दोन तास थांबायचं आणि कुणीतरी जागं असेल, तर तिप्पट चालते. थोडी साखळी आणि पुढे दोरी असेल, तर सातपटीखाली जाऊ नका.

साखळीचं वजन होडी धरून ठेवतं, असं खूप जण मानतात. हलक्या वाऱ्यात ते खरं आहे, तिचा झोळ तळावर पडून राहतो. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो आणि झोळ निघून जातो. उथळ पाण्यात तर तो फार लवकर निघतो, म्हणून उथळ जागी पट कमी करण्याचा मोह टाळा. हिसके सोसायला साखळीला नायलॉनची दोरी अडकवून ताण त्या दोरीवर घ्यावा.

आता खुणा. सगळी साखळी धक्क्यावर सरळ पसरा, गोड्या पाण्याने धुऊन वाळवा आणि नांगराच्या शॅकलपासून, म्हणजे साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीपासून, फीत लावा. दर 10 मीटरला रंगाचे पट्टे द्या: 10 ला एक, 20 ला दोन, 30 ला तीन. पट्टा चांगला हातभर लांब असू द्या, नाहीतर धावत्या साखळीत दिसत नाही. मी आधी वेगवेगळे रंग दिले होते. रात्री डोक्यावरच्या लाल दिव्यात लाल आणि पांढरा पट्टा सारखाच दिसला. तेव्हापासून एकच रंग आणि पट्ट्यांची मोजणी. प्रत्येक खुणेवर तितकेच केबल टायही बांधते, म्हणजे हाताला कळतं. त्यांची शेपटं मुळापासून छाटू नका. छाटलेलं टोक पात्यासारखं बोट कापतं, दोन बोटं लांब ठेवा. विंडलासच्या (साखळी सोडण्या-ओढण्याच्या यंत्राच्या) दातेरी चाकात काही टाय तुटतात, रंगही झिजतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला खुणा ताज्या कराव्या लागतात.

आता आमच्याकडे विंडलास आहे. 10 मीटर सोडायला किती सेकंद लागतात ते मोजून ठेवलंय, पण बॅटरी उतरली की वेग बदलतो. चाकाचे फेरे मोजणारा काउंटरही साखळी दातांवरून घसरली की चुकतो. रंगाच्या पट्ट्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

सोडताना ढीग करू नका. नांगर तळाला टेकला की बोट वाऱ्याने मागे जाऊ द्या आणि तिच्या चालीने साखळी सोडा. तिप्पट झाली की थांबून नांगराला हळूच रुतू द्या, मग ठरलेली लांबी पूर्ण करा. रिव्हर्समध्ये इंजिनचा जोर हळूहळू वाढवा आणि किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणांवर नजर ठेवा. त्या एकमेकींपासून सरकल्या नाहीत आणि हाताखाली खरखर नाही, म्हणजे धरलं.

साखळीचं शेवटचं टोक बोटीला मजबूत दोरीने बांधलेलं आहे ना, हे आधीच पाहा. ती दोरी डेकवर येईल इतकी लांब हवी, म्हणजे अडचणीच्या वेळी सुरीने कापता येते.

बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा नांगराचा अलार्म फोनवर लावत असाल, तर जागेची नोंद नांगर तळाला टेकतो त्या क्षणी करा, साखळी सोडून झाल्यावर नाही. वर्तुळाची त्रिज्या म्हणजे सोडलेली साखळी अधिक बोटीची लांबी. आमची बोट 10 मीटरची. 41 मीटर साखळीला 51 होतात, मी थोडी सूट धरून 55 ठेवते, आणि तेवढ्या वर्तुळात खडक, उथळ जागा किंवा दुसऱ्याची बोट येत असेल तर साखळी कमी करत नाही, जागा बदलते.