लग्नाची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना या चुका टाळा

मावशीच्या लग्नाची कॅसेट मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर उतरवली तेव्हा गणेशपूजन, सीमांतपूजन सगळं झकास आलं. मंगलाष्टकांपाशी मात्र माती खाल्ली. अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या, मुलीने हार घालायला हात वर केले आणि मग भटजींचं ‘सावधान’ ऐकू आलं. आवाज चांगला दोन-अडीच सेकंद मागे.

मी अर्थातच यूएसबी कॅप्चर डिव्हाइसला, म्हणजे व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या डबीला, शिव्या घातल्या आणि दुसरं मागवलं. त्यानेही तेच केलं. त्यानंतर नातेवाइकांच्या तीस-चाळीस कॅसेट्स हाताखालून गेल्या आहेत, आणि आता पक्कं मत झालंय की दहातल्या आठ तक्रारींत त्या बिचाऱ्या डबीचा दोष नसतो. खोट बहुधा तिच्या अलीकडे असते: कॅसेटमध्ये, व्हीसीआरमध्ये किंवा वायरीत, नाहीतर पलीकडे कॉम्प्युटरच्या जोडणीत. म्हणून शोधही कॅसेटकडूनच सुरू करायचा.

पहिल्यांदाच ‘ती’ कॅसेट घालू नका

पंधरा वर्षं माळ्यावर पडलेला व्हीसीआर खाली काढायचा, फडकं मारायचं आणि थेट आईबाबांच्या लग्नाची कॅसेट आत सरकवायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इतक्या वर्षांत आतले रबरी बेल्ट सैल पडतात, फीत पुढे ओढणारा पिंच रोलर कडक होतो, ग्रीस वाळून घट्ट होतं. दिवा लागतो, मोटर फिरते, आपल्याला वाटतं चाललं. मग मशीन फीत खातं आणि इजेक्ट दाबल्यावर कॅसेटबरोबर हातभर फीतही बाहेर येते.

आधी एखाद्या सिनेमाची जुनी, गेली तरी चालेल अशी कॅसेट घाला. अर्धा तास चालवा, पुढे पळवा, मागे आणा, दोन-तीनदा बाहेर काढून पुन्हा घाला. बाहेर आलेल्या फितीची कड दुमडलेली किंवा चुरगळलेली दिसली, तर मशीन आधी कारागिराकडे. नवा व्हीसीआर आता मिळणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं आणि तो विषय संपला. जुन्या बाजारात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ओळखीच्यांच्या माळ्यावर शोधायचा. घेताना दुकानातच कॅसेट लावून बघा. ‘चालू कंडिशन’चा अर्थ पुष्कळदा ‘दिवा लागतो’ एवढाच असतो.

आणि कॅसेटच्या पाठीच्या कडेला असलेली छोटी प्लॅस्टिकची चौकोनी टिकली आधी मोडून टाका. ती मोडली की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करूच शकत नाही. तुमच्याकडे फक्त वाजवणारा व्हीसीपी असेल तर प्रश्नच नाही. पण व्हीसीआरवर प्ले आणि रेकॉर्डची बटणं शेजारी असतात आणि घरात लहान मुलं असतात.

ऊन, पाऊस आणि बुरशी

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणात, कॅसेटचा खरा शत्रू बुरशी. झाकण काढून खिडकीतून गुंडाळीकडे नीट बघा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून. काळ्या चकचकीत गुंडाळीवर पांढरी पावडर, ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. एकदा वाजवली की बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या टोकांवर, जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

यावर घरचा इलाज म्हणजे पापडासारख्या कॅसेट्स गच्चीत उन्हात घालणं. कृपा करून करू नका. उष्णतेने फितीचा आकार बिघडतो, कॅसेटचं कवच वाकतं, आणि तो बिघाड मग कुठलंही सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्या टाकून कॅसेट्स दोन-तीन आठवडे ठेवा, पुस्तकासारख्या उभ्या. बुरशी सुकते, मग मोकळ्या हवेत, नाकावर मास्क लावून मऊ ब्रशने झाडता येते. कॅसेटचं कवच उघडून फीत पुसायची असेल आणि त्या कॅसेटवर घरातल्या गेलेल्या माणसांचे चेहरे असतील, तर ते काम सराव असलेल्या माणसाकडे द्या. पैसे जातील, पण हे शिकायला ती कॅसेट वापरायची नाही. बुरशी लागलेल्या कॅसेट्ससाठी मी एक वेगळा, खटारा व्हीसीआर ठेवलाय. चांगल्या मशीनला त्यांचा वाराही लागू देत नाही.

शक्य असेल तर हे सगळं दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करा. आषाढात एसीच्या खोलीतून बाहेर काढलेल्या कॅसेटवर दमट हवेने दव धरतं आणि फीत हेडच्या ड्रमला चिकटते. खोली बदललीत तर एक दिवस जाऊ द्या.

हेड पुसताना

भाड्याचा व्हीसीआर घेऊन येणारा पोरगा चित्रात बर्फ पडायला लागला की खिशातून कोरी नोट काढून हेडवर फिरवायचा. तेव्हा ते चालून गेलं, कारण मशीन त्याचं होतं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं मिळायचं. आज नोटही नको आणि कान साफ करायची कापसाची काडीही नको. पाल (आपल्याकडची टीव्ही-व्हिडिओची पद्धत) मशीनचा ड्रम मिनिटाला 1500 फेरे मारतो आणि त्याच्या कडेला बसवलेली हेडची टोकं केसाहून नाजूक असतात. त्यांच्यात कापसाचा धागा अडकला किंवा तुम्ही वर-खाली घासलंत, तर टोक तुटतं.

धागे न सुटणारा शॅमॉयचा (मऊ चामड्याचा) तुकडा किंवा साधा गुळगुळीत कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करायचा आणि ड्रमवर हलका टेकवून धरायचा. हात स्थिर ठेवायचा, फिरवायचा ड्रम, तोही वरून बोटाने सावकाश. मशीनची पिन अर्थातच काढलेली. डेटॉल, स्पिरिट, अत्तर यांपैकी काहीही नाही. नंतर दहा मिनिटं वाळू द्यायचं.

चित्रात एकाच जागी आडवा पांढरा पट्टा राहत असेल, तर हेड पुसण्याआधी ट्रॅकिंगची बटणं दाबून बघा. लग्न एका मशीनवर रेकॉर्ड झालं, तुम्ही दुसऱ्यावर बघताय, तेवढा फरक हाताने जुळवावा लागतो. मात्र चित्राच्या अगदी तळाशी वळवळणारी बोटभर पट्टी दोष नाही. जुन्या टीव्हीत ती चौकटीआड लपायची, कॅप्चरमध्ये दिसते. तिच्यासाठी माझे दोन रविवार गेले होते.

चित्र काळं-पांढरं येतंय

याची तीन कारणं आणि तिन्ही पाच मिनिटांची. एक, सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइस एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, राहिलंय. अनेक डिव्हाइसं सुरुवातीला तिथेच असतात. आपल्या कॅसेट्स पाल पद्धतीच्या, म्हणून ‘पाल बी’ निवडा. दोन, पिवळी वायर लावलीय पण इनपुट एस-व्हिडिओ (दुसऱ्या, गोल पिनच्या वायरीचं) निवडलंय. तीन, वायरच गेलीय. व्हीसीआर आधी सरळ टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर रंग असेल तर कॅसेट आणि मशीन सुटले.

अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली बारशाची कॅसेट असेल तर प्रकरण वेगळं. ती एनटीएससी. आपले बरेच व्हीसीआर तिला ‘पाल 60’ नावाच्या मिश्र रूपात बाहेर देतात आणि डिव्हाइस गोंधळतं, चित्र वर सरकत राहतं. सेटिंगमध्ये पाल 60 चा पर्याय शोधा. नसेल तर एनटीएससी बाहेर देणारं मशीन मिळवावं लागेल.

डिव्हाइस ओळखलंच जात नसेल, तर लक्षात ठेवा: एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच नावाच्या स्वस्त डब्यांत आतली चिप वेगवेगळी असते. कुणाची सिंटेक, कुणाची एम्पिया, कुणाची यूटीव्ही007. मित्राने दिलेला ड्रायव्हर त्याच्या डबीचा, तुमच्या नव्हे. डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी बघून ड्रायव्हर शोधा.

‘सावधान’ उशिरा का आलं

आता मूळ दुखणं. आधी हे ठरवा की आवाज सगळीकडे सारखाच मागे आहे, की हळूहळू मागे पडत जातो. सगळीकडे सारखा असेल तर काहीच चिंता नाही, एडिटिंगमध्ये एकदा सरकवला की झालं. हळूहळू मागे पडत असेल तर फ्रेम, म्हणजे चित्राच्या चौकटी, गळताहेत.

हिशेब करून बघा. पालचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, सेकंदाला 25 चौकटी, दर ठिपक्याला दोन बाइट. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 21 एमबी, तासाला 75 जीबीच्या आसपास, तेही दाबल्याशिवाय (कॉम्प्रेस न करता). मी काय केलं होतं? चार तोंडांच्या एका स्वस्त यूएसबी हबवर कॅप्चर डिव्हाइस लावलं आणि त्याच हबवर ज्या हार्ड डिस्कवर फाइल जाणार होती तीही लावली. एकाच बोळातून वरात येतेय आणि त्याच बोळातून परत जातेय. चौकटी चेंगरल्या, आवाज मात्र वेगळ्या वाटेने बिनबोभाट चालत राहिला. डिव्हाइस थेट लॅपटॉपच्या पोर्टवर घेतलं, फाइल आतल्या डिस्कवर घेतली, अँटिव्हायरसचं स्कॅन आणि स्लीप बंद केलं, तेव्हा बराचसा फरक पडला.

उरलेला दोष कॅसेटचा होता. व्हिडिओवाल्याने कॅमेरा बंद-चालू केला त्या प्रत्येक ठिकाणी सिग्नल क्षणभर तुटतो, डिव्हाइसची पकड सुटते आणि पाच-सात चौकटी जातात. यावरचं खरं औषध टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची लय सावरणारं यंत्र, पण ते महाग. एखाद्याकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून असेल तर मागून आणा. व्हीसीआर त्याच्यात आणि त्याचं आउटपुट डिव्हाइसला. काही मॉडेल्स सिग्नल बरंच सावरून पुढे देतात, काही अजिबात नाही. लावून बघणं एवढंच हाती. नाहीतर माझ्यासारखं तुकड्यातुकड्याने घ्या: हळद एक फाइल, लग्न एक, पंगत एक. प्रत्येक तुकड्यात आवाज मागे पडायला वेळच मिळत नाही.

तपासायची जागा ठरलेली आहे. अक्षता. किंवा बँडवाल्याची काठी ढोलावर पडते तो क्षण.

आवाजाची आणखी थोडी

आवाज येतच नसेल तर विंडोजच्या प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी बघा, कारण विंडोज कॅप्चर डिव्हाइसला माइक समजतं. त्याच समजुतीतून नॉइज सप्रेशन चालू असेल तर बंद करा. आमच्या एका कॅसेटमधली सनई मध्येच विरून जायची. लांबवलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर, असं सॉफ्टवेअरने ठरवलं होतं. फक्त डाव्या कानात आवाज येत असेल तर बहुधा व्हीसीआरच मोनो आहे. शेवटी दोन्हीकडे पसरवा. सतत ‘हम्म’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि व्हीसीआरला लावलेली केबल टीव्हीची वायर उपटा.

फाइल कशी ठेवावी

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस हे सॉफ्टवेअर चालतं, पण त्याचा कॅनव्हास मॉनिटरच्या मापाचा आणि वेग सेकंदाला 30 असतो. आपल्याला 720 बाय 576 आणि 25 पाहिजे. मला व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर आणि हफवाययूव्हीसारखा काही न गाळणारा कोडेक (चित्र दाबून साठवायची पद्धत) जास्त भरवशाचा वाटतो. फाइल जड होते, होऊ दे. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट32 असेल तर 4 जीबीला कॅप्चर थांबेल, तेवढं बघा. व्हीसीआरचं आउटपुट स्वस्त कन्व्हर्टरने एचडीएमआय करून ‘फुल एचडी’ कॅप्चर करायचा मोह टाळा. नसलेला तपशील त्यातून येत नाही, असलेला मात्र खरवडला जातो.

हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर घाबरू नका. चित्र सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांत, एकाआड एक ओळींनी, रेकॉर्ड झालंय. मूळ फाइल तशीच ठेवा आणि बघण्यासाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये हे दात काढणाऱ्या (डीइंटरलेस) बीडब्ल्यूडिफ, बॉब या सेटिंगने दुसरी प्रत काढा. आकार बदलायचा असेल तर हे झाल्यावर, आधी नाही. प्रमाण 4:3. मोठ्या टीव्हीवर काळे पट्टे नकोत म्हणून ताणलंत तर नवरी जाडी दिसते, आणि कापलंत तर मुंडावळ्या जातात.

कॅसेट मिनीडीव्हीची (हँडीकॅमची छोटी) असेल तर हे सगळं विसरा. ती मुळातच डिजिटल आहे. फायरवायर नावाच्या वायरीने तशीच्या तशी कॉपी होते, यूएसबी डबीतून नेली तर उगाच बिघडते.

दोन वेगळ्या डिस्कवर प्रती होईपर्यंत कॅसेट कुणाला परत देऊ नका, टाकू तर मुळीच नका. आणि यूट्यूबवर चढवणार असाल तर त्या काळचे व्हिडिओवाले वरातीवर सिनेमाची गाणी चिकटवायचे हे आठवा. मावशीच्या वरातीवर चढवल्याच्या तासाभरात कॉपीराइटचा दावा आला. आता मी पेनड्राइव्हच देतो, एनटीएफएस फॉरमॅट करून.