रचना मागच्या रांगेपासून सुरू करा

लहानपणी मी ब्रास बँडमध्ये, म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या वाद्यवृंदात, सेकंड टेनर हॉर्न वाजवायचो. धून सोलो कॉर्नेटकडे (ट्रम्पेटसारखं छोटं वाद्य) असायची, माझ्या कागदावर पानभर नुसत्या ऑफबीट, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे येणारे सूर. तो कंटाळा मी विसरलेलो नाही. त्यामुळे मुलांसाठी लिहिताना सोलो कॉर्नेटला मी शेवटी हात लावतो.

आधी ट्युबा, बँडमधलं सगळ्यात खालच्या सुरांचं वाद्य. दोन बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) ठेका बांधा, आणि तो चालता चालता गुणगुणता आला तरच ठेवा. मग त्या ठेक्याच्या मोकळ्या जागांत बसेल असं उत्तर मागच्या रांगेतल्या थर्ड कॉर्नेट आणि हॉर्नना द्या. दर सोळा बारमध्ये निदान एकदा तरी मागच्या रांगेचं वाजणं उघडं ऐकू आलं पाहिजे, बाकीचे गप्प. त्या दोन बारसाठी मूल घरी रियाज करतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आधुनिक म्हणजे अवघड, असं समजू नका. सात मात्रांचा ताल मुलांना 'तक तक तकिट' असा तोंडानं म्हणायला लावला की दहा मिनिटांत बसतो. वाद्यात ओठ न थरथरवता नुसती हवा सोडायची, व्हॉल्व्ह (सूर बदलायला बोटांनी दाबायच्या कळा) खटखटवायचे, किंवा दिलेल्या पाच स्वरांतला प्रत्येकानं आपला एक धरायचा: पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे जमतं, आणि ऐकायला नवं वाटतं.

अवघड असतात ते ओठ आणि श्वास. नवख्या कॉर्नेटला लिखित (कागदावरच्या) मधल्या सी पासून वरच्या डी पर्यंतच, म्हणजे सप्तकाहून जेमतेम एक सूर जास्त, ठेवा. त्यातही मधल्या सी च्या लगतचे सी शार्प आणि डी लांबवू नका. तिथे पहिला-तिसरा किंवा तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबावे लागतात आणि सूर चढतो. ट्युबाला हवा फार लागते, म्हणून मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत दोन बारनंतर श्वासाची जागा सोडा. जितकं वाजवायला, जवळजवळ तितकीच विश्रांतीही लिहा. ट्रॉम्बोनची घसीट (नळी सरकवत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) मुलांना भारी आवडते, पण सातव्या पोझिशनला, म्हणजे नळीच्या सगळ्यात लांबच्या जागेला, लहान हात पोचत नाहीत; ती पहिल्या चार पोझिशनमध्येच बसवा.

बेस ट्रॉम्बोन सोडला तर कॉर्नेटपासून ट्युबापर्यंत सगळ्यांचं लेखन ट्रेबल क्लेफमध्ये (पाच रेघांवर सूर लिहायच्या एकाच पद्धतीत) असतं, आणि व्हॉल्व्हच्या वाद्यांवर बोटंही तीच. याचा फायदा घ्या: एकच ओळ सगळ्यांना शिकवा, मग ती वाद्यांमध्ये वाटून टाका. कुणी गैरहजर राहिलं तरी तुकडा कोसळत नाही.

पहिल्या तालमीला मी कंडक्टरशेजारी न बसता थर्ड कॉर्नेटच्या मागे बसतो. मधल्या सुट्टीत कोण काय गुणगुणतंय ते ऐकतो. ज्या पार्टमधलं काहीच कानावर पडत नाही, तो घरी आल्यावर पुन्हा लिहायला घेतो.